गँगस्टा रॅप आवडत नाही? मग हिपहॉप असं ऐकायला घ्या

माझ्या मावसभावाचं रॅपबद्दलचं मत एका दमात सांगून व्हायचं: "शिव्या, सोनसाखळ्या आणि गाडीच्या डिकीत कोंबलेला ढोल." तो स्वतः पेटी वाजवतो. सवाईला भारतीय बैठकीत पंचा टाकून जागा धरणाऱ्यांतला. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आरत्या आटोपल्यावर मी त्याच्या कानाला माझा हेडफोन लावला आणि काही न सांगता एक गाणं सुरू केलं. तो पहिलं मिनिटभर कपाळाला आठ्या घालून बसला. मग पाय हलायला लागला. गाणं संपल्यावर म्हणाला, "तो खालचा बास कोण वाजवतोय? मशीन नाही वाटत."

मशीन नव्हतंच. रॉन कार्टर होता, माइल्स डेव्हिसच्या साठच्या दशकातल्या गाजलेल्या संचातला डबल बासवाला. गाणं 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या मंडळींच्या १९९१ च्या 'द लो एंड थिअरी' या अल्बममधलं 'व्हर्सेस फ्रॉम द अ‍ॅब्स्ट्रॅक्ट'. गंमत म्हणजे कार्टरसाहेबांनी वाजवायला होकार देताना घातलेली अट माझ्या भावाच्या तक्रारीशी जुळते: गाण्यात शिवीगाळ नको.

तेव्हापासून मी चार-पाच जणांना या वाटेवर आणलं. काही जण रमले, एक जण तिसऱ्या दिवशी पळाला. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. घाई करू नका. साधारण सहा आठवडे धरा, आठवड्याला एक-दोन अल्बम, त्याहून जास्त नाही.

आधी आपली तक्रार नेमकी कसली आहे ते ओळखा

गँगस्टा रॅप म्हणजे गुंडटोळ्या, बंदुका यांच्या गोष्टी सांगणारा रॅप. "मला गँगस्टा रॅप आवडत नाही" असं म्हणणाऱ्यांना पुढे दोन प्रश्न विचारले की वेगवेगळ्या गोष्टी बाहेर येतात. कुणाला बंदुका आणि खूनखराबा नको असतो. कुणाला बायकांबद्दलची भाषा सहन होत नाही. कुणाला 'माझी गाडी, माझं घड्याळ, माझा पैसा' या फुशारकीचा कंटाळा. आणि बऱ्याच जणांची खरी अडचण वेगळीच असते: चाल नाही, नुसती बडबड आहे, आणि ती बडबडही कळत नाही. या चाल-बडबडीच्या तक्रारींचा गँगस्टा रॅपशी काही संबंध नाही. त्या सरसकट रॅपबद्दलच्या आहेत आणि त्यांवरचा उपायही वेगळा आहे.

म्हणून कागदावर एक ओळ लिहा: 'मला अमुक खटकतं.' हिंसा खटकत असेल तर 'जाझच्या दाराने' हा भाग आधी. बायकांबद्दलची भाषा खटकत असेल तर 'बायकांच्या तोंडून' इथे थेट उडी मारा. बडबड खटकत असेल तर 'पहिला आठवडा' मुळीच चुकवू नका.

थोडा इतिहास लागेल, पण फार नाही. हिपहॉपची, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संगीताची, जन्मतारीख लोक ११ ऑगस्ट १९७३ धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, म्हणजे जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने, गाणी लावली. गाण्यात मधेच गायक थांबतो आणि फक्त ढोल-ताशा उरतो त्या तुकड्यावर पोरं जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत राही. नाचणाऱ्यांना चेव चढवायला माइकवरून जी आरोळी दिली जाई तिचंच पुढे रॅप झालं. इथवर पिस्तूल कुठेच नाही.

गँगस्टा रॅप आला तो दहा-बारा वर्षांनी. फिलाडेल्फियाचा स्कूली डी १९८५ मध्ये, लॉस एंजेलिसचा आइस-टी १९८६ मध्ये, आणि १९८८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाचा अल्बम. मग तोच सगळीकडे का दिसला? याचं एक कारण हिशेबाचं आहे आणि मला ते भारी वाटतं. अमेरिकेतली बिलबोर्ड मासिकाची खपणाऱ्या अल्बमची यादी पूर्वी दुकानदारांना 'काय खपतंय' असं विचारून बनायची. मे १९९१ पासून ती गल्ल्यावरच्या यंत्रात नोंदलेल्या खऱ्या विक्रीवरून बनायला लागली, आणि काही आठवड्यांतच एन.डब्ल्यू.ए.चा दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर. शांत, सुखवस्तू उपनगरांतली पोरंही हे विकत घेतात हे कंपन्यांना आकड्यांत दिसलं आणि त्यांनी पैसा तिकडे वळवला. आपल्यापर्यंत टीव्हीवरून पोचलं ते हे. वरातीतल्या बँजोवरून मराठी संगीताचं मत बनवावं, तसं झालं. बँजो वाईट असतो असं मी म्हणत नाही.

ऐकण्याची तयारी

फोनच्या स्पीकरवर हिपहॉप ऐकू नका. ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे, गाण्यांच्या नावांपेक्षाही. त्या इवल्याशा स्पीकरातून बास जवळजवळ येतच नाही आणि या संगीताची निम्मी चाल बासमध्ये असते. ती गेली की उरतात शब्द आणि टाकटाक, म्हणजेच 'बडबड'. तीन-चारशे रुपयांचे वायरचे इअरफोनसुद्धा चालतील.

दुसरं, ताल मोजायला शिका. पाच मिनिटांचं काम आहे. एक-दोन-तीन-चार म्हणा. एकवर खाली जड 'धम' पडतो, तो किक. दोनवर आणि चारवर 'टक' पडतो, तो स्नेअर. आपला हात सवयीने समेवर पडतो, भजनात तसाच पडायला हवा. इथे मात्र टाळी दोन आणि चारवर द्यायची. हे जमलं की मान आपोआप हलते. अशा चार मात्रांचा एक बार, आणि बहुतेक वेळा सोळा बारांचं एक कडवं. यमक सहसा चौथ्या मात्रेच्या आसपास येतं. चांगला रॅपर ते यमक मुद्दाम लवकर उरकतो किंवा पुढच्या ओळीत ढकलतो. तिहाई समेवर येईल म्हणून आपण श्वास धरतो आणि तबलजी किंचित हुलकावणी देतो, तीच मजा.

पहिला आठवडा: शब्द नकोतच

शब्दांनी अडचण होते ना? मग ते काढून टाका. तीन अल्बम सांगतो, त्यांतला एक निवडा.

जे डिलाचा 'डोनट्स'. डेट्रॉइटचा हा माणूस जुन्या गाण्यांचे तुकडे एमपीसी नावाच्या यंत्रात भरून बोटांनी वाजवायचा. यंत्रात ठोके आपोआप जागेवर बसवण्याची सोय असते. ती तो बऱ्याचदा बंद ठेवायचा, म्हणून त्याचे ठोके माणसाच्या हातासारखे किंचित मागेपुढे पडतात. 'डोनट्स' त्याच्या आजारपणाच्या काळातला. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, अल्बम आला आणि १० तारखेला तो गेला. एकतीस तुकडे, बहुतेक दीड मिनिटाच्या आतबाहेरचे. गाणं आवडायला लागेपर्यंत संपतं आणि पुढचं सुरू होतं. पहिल्यांदा याचा राग येतो. दुसऱ्यांदा ऐका. त्याचं यंत्र आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलं आहे.

दुसरा, जपानचा नुजाबेस. 'मोडल सोल', २००५. पियानो, बासरीचे तुकडे, पावसाळी दुपारचं वातावरण. अभ्यासाला किंवा ऑफिसच्या कामाला लावायचं जे 'लो-फाय' संगीत हल्ली सगळीकडे वाजतं त्याच्या मुळाशी ही दोन माणसं आहेत: डिला आणि नुजाबेस. योगायोग असा की दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, ७ फेब्रुवारी १९७४. नुजाबेसही २०१० मध्ये अपघातात गेला. 'मोडल सोल'वर काही गाण्यांत रॅप आहे, पण तो इतका मवाळ की त्रास होणार नाही.

तिसरा, डीजे शॅडोचा 'एंडट्रोड्यूसिंग', १९९६. जवळपास सगळा जुन्या तबकड्यांच्या तुकड्यांतून शिवलेला, गोधडीसारखा. यातल्या बऱ्याच तबकड्या त्याने सॅक्रामेंटोतल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात बसून शोधल्या. हा जरा अंधारा आहे, रात्रीसाठी ठेवा.

ऐकताना एकच काम करा: तुकडा पुन्हा कधी येतो ते पकडा. लूप कुठे सुरू होतो, कुठे संपतो. हे कळू लागलं की 'एकसुरी आहे' ही तक्रार निम्मी विरते, कारण त्या आवर्तनात काय बदललं ते दिसायला लागतं.

जाझच्या दाराने

दुसऱ्या आठवड्यात शब्द येऊ द्या, पण ओळखीच्या वाद्यांबरोबर. सुरुवात एका सोप्या गाण्याने: अस-थ्री या लंडनच्या गटाचं 'कँटालूप', १९९३. जाझवाल्या हर्बी हँकॉकचा पियानोचा तुकडा घेऊन केलेलं. थोडं जाहिरातीसारखं गोड आहे, मान्य. पण दार उघडून देतं. मग लगेच डिगेबल प्लॅनेट्सचं 'रीबर्थ ऑफ स्लिक'. बास आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनची जोडी आर्ट ब्लेकीच्या एका जाझ ध्वनिमुद्रणातून उचललेली, आणि त्यावर तिघं जण अगदी कुजबुजल्यासारखे बोलतात. त्यांनी स्वतःला किड्यांची नावं घेतली होती: बटरफ्लाय, लेडीबग, डूडलबग. समाजाने मुंग्यांसारखं मिळून राहावं, अशी त्यामागची कल्पना. या गाण्याला ग्रॅमी मिळालं. माझ्या मते रॅपबद्दल कुरकुरणाऱ्या माणसाला ऐकवायला याहून चांगलं पहिलं गाणं नाही.

आणि मग 'द लो एंड थिअरी', पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न उठता. ट्राइबचे क्यू-टिप आणि फाइफ डॉग हे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले बालमित्र. क्यू-टिपचा आवाज नाकातला, रेशमी. फाइफचा चिरका, टिंगलखोर, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे उभ्या असलेल्या मित्रासारखा. पहिल्याच गाण्यात क्यू-टिप सांगतो की हे ऐकून वडिलांना त्यांच्या काळातला बीबॉप, म्हणजे जुना जाझ, आठवायचा. म्हणजे बाप-लेकाचा तोच जुना वाद: 'आमच्या वेळचं संगीत आणि तुमचं'. फक्त इथे बापाला दोन्हींतलं साम्य दिसलं. संपूर्ण अल्बमचा आवाज मुद्दाम मोकळा ठेवला आहे: बास, ढोल, आवाज, अधेमधे एखादा ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा फुत्कार. घरात भिंती पाडून हवा खेळती ठेवावी तसा. एक-दोन ठिकाणी बायकांबद्दलचे उल्लेख आज खटकतात. ते आहेत, आधीच सांगून ठेवतो.

आवडला तर पुढचा 'मिडनाइट मरॉडर्स', १९९३. यात फाइफ स्वतःच्या मधुमेहावर विनोद करतो. रॅपमध्ये सगळे आपल्या ताकदीची बढाई मारत असताना हा गडी आपली साखर वाढल्याचं सांगून भाव खातो, हे मला फार आवडतं. त्याच आजाराच्या गुंतागुंतीतून तो २०१६ मध्ये गेला. तेव्हा वय पंचेचाळीस.

वाद्यं प्रत्यक्ष वाजवलेलीच हवीत असा आग्रह असेल तर फिलाडेल्फियाचा 'द रूट्स'. ढोलकावर क्वेस्टलव्ह. १९९९ चा 'थिंग्ज फॉल अपार्ट' घ्या. नाव चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीवरून. हा पूर्ण वाद्यवृंद आहे, आणि आज अमेरिकेतल्या एका रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमात रोज वाजवतो.

डे ला सोल, आणि हसण्याची परवानगी

१९८९ मध्ये लाँग आयलंडच्या उपनगरातल्या तीन पोरांनी 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' काढला. मुखपृष्ठावर पिवळा रंग आणि फुलं. एन.डब्ल्यू.ए.चा अल्बम जेमतेम काही महिन्यांपूर्वीचा, हे लक्षात घेतलं की ती फुलं किती धिटाईची होती ते कळतं. 'द मॅजिक नंबर' हे गाणं मुलांना तीनचा पाढा शिकवणाऱ्या टीव्हीवरच्या गाण्यावर उभारलं आहे. 'आय नो'मध्ये जुना गायक ओटिस रेडिंगची प्रसिद्ध शीळ येते. त्यांचा प्रोड्यूसर प्रिन्स पॉल जे मिळेल ते घ्यायचा: फंक, पॉप, फ्रेंच शिकवणीची तबकडी.

ते घेणंच अंगाशी आलं. एका जुन्या पॉप गटाने तुकडा न विचारता वापरला म्हणून खटला भरला, तो न्यायालयाबाहेर मिटला. त्यानंतर हक्कांचा गुंता असा वाढला की डिजिटल युग आलं तरी त्यांचे सुरुवातीचे अल्बम कुठल्याही अ‍ॅपवर नव्हते. ते आले ३ मार्च २०२३ ला. तिघांतला ट्रुगॉय त्याआधी तीनच आठवडे गेला होता.

या अल्बमवर गाण्यांच्या मधे छोटे नाट्यप्रवेश आहेत, एका खोट्या टीव्ही प्रश्नमंजूषेचे. रॅप अल्बममध्ये असे प्रवेश घालायची पद्धत इथूनच फोफावली. पहिल्यांदा ऐका, मग कंटाळा आला तर सरळ पुढे ढकला, पाप लागत नाही.

गँगस्टा रॅपवर नाराज असणाऱ्याने त्यांचं १९९६ चं 'स्टेक्स इज हाय' नक्की ऐकावं. तोच तो दिखावा, तीच ती गुंडगिरीची नक्कल याचा कंटाळा आला असं त्यात ते स्वतःच म्हणतात. म्हणजे तुमची तक्रार बाहेरच्याची नाही, घरातलेही तीच करत होते. ठेका कुणाचा? त्याच जे डिलाचा, तेव्हा बावीस वर्षांचा.

आता शब्द

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शब्दांकडे वळा. पद्धत अशी: गाणं एकदा नुसतं ऐका. मग गाण्याचे शब्द समोर ठेवून फक्त पहिलं कडवं वाचा. जीनियस या संकेतस्थळावर ओळीओळीखाली टीपा असतात, त्या उपयोगी, पण तिथे हौशी लोक नको तिथे अर्थ काढतात हेही ध्यानात ठेवा. मग पुन्हा ऐका, या वेळी शब्द मिटून. सगळं कळायला हवं असा हट्ट नको. भारूड पहिल्या ऐकण्यात किती कळतं?

कुठून? मी मॉस डेफपासून सुरू करतो, कारण त्याचे उच्चार स्वच्छ आहेत. १९९९ च्या 'ब्लॅक ऑन बोथ साइड्स'मधलं 'न्यू वर्ल्ड वॉटर' घ्या. पूर्ण गाणं पाण्यावर: ते कोण विकतं, कोण नासवतं, कुणाला मिळत नाही. मे महिन्यात टँकरची वाट बघत ऐकलंत तर कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याने तालिब क्वेलीबरोबर 'ब्लॅक स्टार' केला होता. त्यातलं 'थीव्ज इन द नाइट' टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' कादंबरीवरून सुचलेलं. हा अल्बम आला तेव्हा टुपॅक आणि बिगी या दोन मोठ्या रॅपरांच्या हत्या ताज्या होत्या, १९९६ आणि १९९७ च्या. 'डेफिनिशन' या गाण्यात ते थेट त्याबद्दल बोलतात.

गंभीर नको, मजा हवी? मग फारसाइडचं 'पासिन मी बाय'. हे लॉस एंजेलिसचे, आणि त्यांचा अल्बम नोव्हेंबर १९९२ चा. डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक', ज्याने गँगस्टा रॅप घरोघरी नेला, तो त्याच शहरातून पुढच्याच महिन्यात आला. एकीकडे बंदुका, आणि इकडे चौघे जण आपापल्या फसलेल्या प्रेमाच्या गोष्टी रडवेल्या आवाजात सांगतायत. एकाला शाळेतली बाई आवडायची. एकाने पत्र लिहिलं ते तीन दिवसांनी न पोचता परत आलं. अल्बममधले बाकीचे विनोद मात्र कॉलेजच्या हॉस्टेलातल्या दर्जाचे आहेत. म्हणून हे एकच गाणं सुचवतो.

आणि शब्दांची कसरत बघायची तर एमएफ डूम. हा इसम लोखंडी मुखवटा घालायचा. ठेके बनवणाऱ्या मॅडलिबबरोबरचा 'मॅडव्हिलनी', २००४, हा थोर अल्बम आहे. पण नवख्याने आधी त्याच वर्षीचा 'एमएम..फूड' घ्यावा. जवळजवळ प्रत्येक गाण्याचं नाव खाण्याच्या पदार्थावरून, आणि एका ओळीत चार-चार, पाच-पाच अंतर्गत यमकं. मोरोपंतांना दाखवावंसं वाटतं. शिव्या आहेत, पण धमकी नाही. तो कार्टूनमधला खलनायक असल्याचा आव आणतो आणि तो आव आहे हे लपवत नाही.

बायकांच्या तोंडून

क्वीन लतीफाचं 'युनिटी', १९९३. पहिल्या कडव्यात रस्त्यावर अंगाला हात लावणाऱ्या पुरुषाला ती काय करते, दुसऱ्यात घरात मार खाणारी बाई, आणि तिसऱ्यात गँगस्टा व्हायची नक्कल करणाऱ्या एका मुलीची कानउघाडणी. मागे सॅक्सोफोन. याला ग्रॅमी मिळालं, पण त्यापेक्षा हे महत्त्वाचं की रॅपमधल्या स्त्रीद्वेषाला रॅपनेच दिलेलं हे उत्तर आहे.

मग लॉरिन हिल. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल', १९९८. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळवणारा हा पहिला हिपहॉप अल्बम, आणि त्या रात्री तिने एकूण पाच नेली. सुरुवातीला वर्गात हजेरी चालली आहे, शिक्षक तिचं नाव पुकारतात आणि ती गैरहजर. मधेमधे तोच वर्ग प्रेमावर चर्चा करतो. त्या शिक्षकाचा आवाज देणारे रास बराका पुढे न्यूअर्क शहराचे महापौर झाले. 'टू झायन'मध्ये कार्लोस सांतानाची गिटार आहे आणि गाणं आहे मूल ठेवायचं की करिअर सांभाळायचं या प्रश्नावर, तिच्या पोटातल्या मुलासाठी. माझी बहीण हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. यात गाणं आणि रॅप जवळजवळ निम्मं-निम्मं आहे, त्यामुळे 'चाल नाही' म्हणणाऱ्यांनाही हा अल्बम चालतो. एकच अल्बम ऐकणार असाल तर हाच घ्या, बाकी लेख विसरा.

नवीन हवं असेल तर शिकागोची नोनेम, 'टेलिफोन', २०१६. मऊ आवाज, जड विषय. आणि लंडनची लिटल सिम्झ, 'समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट', ज्याला २०२२ मध्ये ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. पहिल्या गाण्यातला वाद्यवृंद मोठ्या आवाजात लावा.

लंडन, पॅरिस, आणि अंधेरी-कुर्ला

लंडनच्याच लॉयल कार्नरचा 'येस्टरडेज गॉन', २०१७. हा आईचा मुलगा. एका गाण्यात न जन्मलेल्या धाकट्या बहिणीसाठी पॅनकेक करतो, दुसऱ्यात त्याची आई स्वतः कविता वाचते. एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याची अडचण) असलेल्या मुलांना स्वयंपाक शिकवण्याचे वर्गही तो चालवत आला आहे. ज्यांना रॅपमधली मर्दानगी नको त्यांना हा द्या. फ्रेंच कळत नसलं तरी एमसी सोलारचा 'प्रोझ काँबा', १९९४, ऐका. भाषा कळत नसताना नुसता नाद आवडतो का, याची ती परीक्षा.

घराजवळचं म्हणाल तर मुंबईच्या गल्लीतला रॅप जोरात आला तो कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेल्या 'आफत'नंतर, आणि पुढच्या वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनबरोबरच्या 'मेरे गली में'नंतर. यात दमबाजी आहे, पण ती बहुतेक 'आम्ही इथून आलो, आम्हाला मोजा' अशी. मराठी कानाला जास्त जवळचा वाटेल तो 'स्वदेशी' हा गट. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा भाषांत ते रॅप करतात. २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलाबद्दल आहे आणि त्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर गातात. पोवाडा आणि कलगीतुऱ्यातले सवाल-जवाब ऐकत वाढलेल्याला इथे शब्दांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

ठेच लागते ती इथे

एखाद्या गाण्यापुढे 'ई' ('एक्स्प्लिसिट', म्हणजे शिवराळ भाषा) अशी चौकट दिसली किंवा जुन्या मुखपृष्ठावर पालकांना इशारा देणारा काळा-पांढरा शिक्का दिसला, म्हणजे ते गँगस्टाच असं नव्हे. अमेरिकेत हा शिक्का १९९० पासून असा एकसारखा लागायला लागला, आणि तो फक्त भाषेकडे बघतो, वृत्तीकडे नाही. वर सांगितलेल्यांतल्या कित्येकांवर तो आहे. बहुतेक अल्बमची 'क्लीन' आवृत्तीही मिळते, पण तीत शब्द गाळून मधे खड्डे पडतात आणि लय मोडते. मी ती फक्त कुटुंबात बसून ऐकताना लावतो.

काळ्या लोकांसाठी वापरला जाणारा एक शब्द या गाण्यांत सतत येतो. तो आपण म्हणायचा नाही, गाण्याबरोबर गुणगुणतानासुद्धा नाही. तिथे गप्प राहून पुढची ओळ धरायची.

अ‍ॅपच्या शिफारशींवर सोडून देऊ नका. दोन ट्राइबची गाणी ऐकलीत की ते तिसरं नव्वदच्या दशकातलंच, पण भलतंच काहीतरी लावेल, कारण त्याला साल कळतं, स्वभाव कळत नाही. पहिले सहा आठवडे स्वतःची यादी करा, 'पुढचं आपोआप' हे बटण बंद ठेवा.

आणि हिंसेचं वर्णन म्हणजे हिंसेचं कौतुक नव्हे, हा फरक कानाला कळायला हवा. त्याची कसोटी म्हणून ग्रँडमास्टर फ्लॅश मंडळींचं 'द मेसेज', १९८२, ऐका. पडकी वस्ती, काचा, उंदीर, तुरुंगात संपलेलं पोर, सगळं आहे, आणि ऐकून त्या वस्तीत जावंसं वाटत नाही. हे पेललं तर शेवटच्या आठवड्यात केंड्रिक लमारचा 'गुड किड, मॅड सिटी', २०१२, घेऊन बघा. गाव तेच, एन.डब्ल्यू.ए.चं कॉम्प्टन. बंदुकाही आहेत. पण गोष्ट सांगणारं पोर घाबरलेलं आहे आणि त्याची आई फोनवर गाडी परत आण म्हणून ओरडते आहे. या माणसाला पुढे २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. नाही पेललं तर सोडून द्या. माझ्या मावसभावाने दोन गाण्यांनंतर हेडफोन काढून ठेवला आणि परत ट्राइब लावलं.

गाडीत मुलं असतील तर

पुणे-कोल्हापूर प्रवासात मी हे लावतो: नुजाबेस, डिला, डे ला सोलचं 'द मॅजिक नंबर', अरेस्टेड डेव्हलपमेंटचं 'टेनेसी', आणि शेवटी ब्लॅकलिशसचं 'अल्फाबेट एरोबिक्स'. १९९९ चं हे गाणं ए पासून झेडपर्यंत जातं, प्रत्येक अक्षरावर एक-दोन ओळी, बहुतेक शब्द त्याच अक्षराने सुरू होणारे, आणि ठेका दर थोड्या वेळाने वाढत जातो. झेड संपल्यावर एक आवाज शांतपणे विचारतो की आता याहून भरभर म्हणता येईल का. मागच्या सीटवरची माझी भाची गेल्या दिवाळीपासून सराव करते आहे. अजून 'जी'ला अडते.